लंगड्या आवाजाची घंटा

मी लाकडाची घंटा बोलतेय. देवळातली नव्हे, तिला लोक हात जोडतात. मी म्हशीच्या गळ्यातली. माझ्यावर शेण उडालं, चिखल बसला, एकदा रक्तही लागलं. आवाज म्हणाल तर टणटण नाही. टोक... टक-टोक. लंगडा.

हे लंगडेपण मला लखूनं दिलं. अणशीच्या रानात राहणारा हा कुणबी. शिवणीचा ओंडका कोरून त्यानं माझं पोट पोकळ केलं, आत लाकडाच्या दोन जिभा टांगल्या. एक जीभ कापताना कोयता निसटला आणि ती आखूड झाली. त्याची बायको गिरजा अंगणात तांदूळ पाखडत होती. ती ऐकून हसली.

"अवो, ही लंगडतीया की."

"लंगडू दे. साऱ्या वाडीच्या घंटा सारख्याच वाजत्यात. आपली लांबनं कळंल."

मला मोरी म्हशीच्या गळ्यात बांधलं. दिवसभर आम्ही दोघी रानात. मी वाजले की गवे मान वर करायचे आणि पुन्हा चरायचे, भेकर तेवढं पळायचं. माणसांना वाटायचं, घंटेला भिऊन वाघ लांब राहतो. वाघाला काय कान नसतात? त्याचं जेवण कुठं चरतंय ते मीच त्याला सांगत होते. माणूस आपल्या सोयीचं तेवढंच खरं धरतो.

मग साहेबांची लढाई पेटली. लढाई समुद्रापलीकडं, आणि आडवं होत होतं आमचं रान. कुळगीकडचं सागवान बोटीनं पार बसऱ्याच्या बंदराला चाललं, रुळांखाली घालायला. लाकडामागून माणसंही लागली. एक मुकादम वाडीत आला. पान खाऊन लोकांच्या अंगणात थुंकणारा.

"लढायचं न्हाई रे," तो म्हणाला. "वझी उचलायची. आनि ज्या घरानं मानूस दिला, त्याला कुमरी परत मिळंल."

उतारावरचं रान जाळायचं आणि त्या राखेत नाचणी पेरायची, ती कुमरी. सरकारनं ती बंद केल्यापासून वाडी अर्धपोटी होती. लखू त्या एका शब्दावर गेला. पैशाचं त्यानं विचारलंसुद्धा नाही.

निघताना त्यानं मोरीची मान खाजवली, मला एकदा हलवलं.

"गिरजे, ही काढू नगं. घाट उतरलो की हिच्या आवाजावर घर गाठीन."

"आनि वाटंत दारू प्यालासा तर?"

"मग म्हशीमागनं येतो."

ती हसली. मुकादमाकडं बघून मात्र तिचं हसू मावळलं.

त्यानंतर मी माझ्यापुरती राहिले नाही. संध्याकाळी मोरी परतायला उशीर झाला की गिरजा बांधावर येऊन उभी राहायची. म्हशीसाठी नव्हे. माझा आवाज घाटापर्यंत पोचतोय का, ते ऐकायला.

लढाई संपली. तापाची साथ आली, तिनं घरंच्या घरं पुसली. मग गुंद गावचा अर्जुन परत आला. हा लखूबरोबर गेलेला. खोकत खोकत त्यानं सांगितलं, लखू तिकडंच गेला. वाळूत पुरला.

"तू बघितलास?" गिरजानं विचारलं.

"न्हाई वैनी. बरूबरचं बोलले."

"मग बोलनाऱ्याला पाठवून दे."

धाकटा दीर म्हादू म्हणाला, "वैनी, बांगड्या फोडाय पायजेत. लोक बोलत्यात."

"लोकांचं त्वांड लोकांजवळ. भावजी, तुमी त्येला वाळूत घातलासा काय? मग गप बसा."

त्या हिवाळ्यात वाघानं मोरीला धरलं. ओढ्यात, पाणी पिताना. मी तिच्या गळ्यात होते. वाजले, जीव तोडून वाजले. मग मोरी पडली आणि मी मुकी झाले.

आमच्याकडची रीत अशी, की वाघानं नेलेल्या जनावराची घंटा घरी आणायची नाही. ती वाघदेवाच्या दगडाशी बांधायची, म्हणजे वाघाचं देणं फिटलं. घरी आणली तर तिच्या आवाजामागनं तो गोठ्यात येतो, म्हणतात. गिरजानं मला रक्तातून उचललं, ओढ्यात खंगाळलं आणि सरळ घरी आणलं. वाडी हबकली. ती रोज तिन्हीसांजेला बांधावर उभी राहून मला हातानं हलवायची. टोक... टक-टोक.

आणि वाघ आला. शेजारच्या फुलाची एकुलती एक कालवड त्यानं गोठ्यातून नेली. माझ्यामागनं आला की भुकेनं, मला ठाऊक नाही. फुला विधवा होती, सगळा जीव त्या कालवडीत. ती भांडली असती तर गिरजा तिला पुरून उरली असती. पण फुला उंबऱ्यापाशी येऊन बसली आणि हळूच म्हणाली,

"गिरजाक्का, तुजा मानूस वाटंवर हाय म्हंतीस. आसंल. माजी कालवड तर हितंच हुती गं."

मी गिरजाच्या हातात होते, तिनं माझ्या दोन्ही जिभा मुठीत धरल्या.

सकाळी ती मला घेऊन वाघदेवाकडं निघाली. म्हादू मागं होता. वाटेत कुमरीचा उतार लागला. तिथं सरकारनं सागाची रोपं लावली होती, सरळ ओळीत. ती थांबली, बघितलं, थुंकली आणि चालू लागली.

दगडाशी तिनं मला वेलीनं बांधलं. म्हादू म्हणाला, "वैनी, जिभा काढ. उगं वाजंल."

"ऱ्हाऊ दे. त्येनं केलेली हाय. मुकी नगं."

मग तिनं दोन्ही हात दगडावर आपटले. काचा माझ्या खाली पडल्या. ती रडली नाही. पुन्हा कधी माझ्याकडं आलीही नाही.

आता मला वाळवी लागलीय. वेल कुजलीय. पण वारा सुटला की मी अजून वाजते, तशीच लंगडी. आणि तेव्हा मला भीती वाटते. लखूचं मरण बघितलं कुणीच नव्हतं ना? लखू खरंच घाट उतरला, तर माझ्या आवाजावर चालत येईल. घरी नाही पोचणार. वाघाच्या दगडाशी येईल, त्या काचांवर पाय देईल.

बाबांनो, इकडून कुणी गेलात तर एवढं करा. माझ्या जिभा काढून न्या.