पाय खाली ठेवावा

मी एक जुने भिंग आहे. पितळेची कडी, शिसवी मूठ आणि काचेच्या काठाला एक टवका. मित्रांनो, तो टवका कसा पडला ते मी सांगणार आहे. आधीच कबूल करते, त्या दिवसापर्यंत मी फार गर्विष्ठ होते.

नागपूरच्या एका चष्मेवाल्याकडे माझी काच घासली गेली. घासणाऱ्या म्हाताऱ्याने मला उन्हात धरले आणि म्हणाला, "हे मुंगीचे पाय मोजून देईल." झाले, तिथूनच मी फुगले. १९५७ साली बालाघाटच्या डॉ. चिंतामण देशकरांनी मला विकत घेतले. आदल्याच वर्षी राज्ये नव्याने आखली गेली होती. आमची राजधानी नागपूर होती ती भोपाळ झाली, आणि कचेऱ्यांत मराठी कमी कमी ऐकू येऊ लागली. डॉक्टर हट्टाला पेटले. त्यांनी त्याच वर्षी मराठीत एक वैद्यकीय त्रैमासिक काढले, 'दंशवार्ता'. साप किंवा विंचू चावला तर काय करावे आणि काय करू नये, एवढाच त्याचा विषय. बैहरच्या जंगलापासून लांजीच्या धानाच्या बांध्यांपर्यंत, म्हणजे भातखाचरांपर्यंत, डॉक्टर, कंपाउंडर आणि नर्सबाया तो अंक जपून ठेवीत.

माझे काम प्रुफे तपासायचे. छापखान्यात शिशाची अक्षरे जुळवणारा भैयालाल कच्चा छाप घेऊन येई. डॉक्टर मला त्यावर धरीत, आणि मी एकेक वेलांटी, एकेक अनुस्वार त्यांच्या डोळ्यांपुढे उभा करी. औषधाच्या मात्रेतले एक शून्यही कधी सुटले नाही. "या भिंगावर अंक उभा आहे," असे डॉक्टर पाहुण्यांना सांगत. मला ते खरेच वाटे.

अशी बारा वर्षे गेली. १९६९ च्या जूनमध्ये पावसाळी अंकाचे प्रूफ आले. त्यात डॉक्टरांचा स्वतःचा लेख होता. पायाला साप चावला तर पाय हलू नये म्हणून लाकडी फळी बांधावी, आणि पुढे एक वाक्य, 'रोग्यास गाडीतून नेताना पाय खाली ठेवावा.' मी प्रत्येक अक्षर तपासले. सगळे बिनचूक.

भैयालाल जाता जाता घुटमळला.

"साहेब, एक सांगू का? त्या 'खाली'च्या जागी 'खालच्या बाजूले' करू?"

"काहून?" डॉक्टर त्याच्याशी कधी कधी त्याच्याच बोलीत बोलत.

"आमची सून बैहरची हाय, हिंदीवाली. तिले म्या म्हटलं, घागर खाली ठेव. तिनं सारं पाणी ओतून देल्लं. तिच्यात खाली म्हणजे रिकामं."

डॉक्टर हसले. "भैयालाल, मी सुनांसाठी मासिक काढत नाही. शुद्ध मराठीत हेच बरोबर आहे. छाप."

मीसुद्धा मनात हसले. आता आठवले की मेल्याहून मेल्यासारखे होते.

त्याच आठवड्यात अंकाच्या समितीची बैठक झाली. डॉक्टर सदुसष्ट वर्षांचे झाले होते, पुढचा संपादक ठरवायचा होता. समितीच्या मनात डॉ. अलकनंदा होत्या. बालाघाटच्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाचे रोगी त्याच पाहत. पण त्यांनी आपली अट स्पष्ट सांगितली होती, अर्धा अंक हिंदीत निघेल. जुने वर्गणीदार गळत होते, नवे कंपाउंडर हिंदी शिकून येत होते, लेख लिहायला कोणी तयार नव्हते. डॉक्टरांना यातले काही ऐकायचे नव्हते. आज अर्धा अंक, उद्या सगळाच, ही भीती त्यांच्या मनात घर करून बसली होती. त्यांनी मला उचलले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माझ्या अंकात एक चूक दाखवा. त्याच दिवशी ही खुर्ची सोडतो."

बैठक तिथेच उठली. अंक छापला गेला, टपालात पडला.

जुलै उजाडला. रोवणे, म्हणजे भातलावणी, जोरात होते, माणसे दिवसभर चिखलात उभी, आणि साप चावण्याचे दिवस ते हेच. एका सकाळी साडेदहाच्या सुमारास डॉक्टरांच्या खोलीचे दार उघडले. आधी अलकनंदाबाई आल्या, मागे बैहरकडच्या एका दवाखान्याचा कंपाउंडर प्रेमलाल. त्याच्या हातात आमचा अंक चुरगळून गेला होता. भैयालाल बिलाचा कागद घेऊन आधीच कोपऱ्यात बसला होता.

"शेवंताबाई नावाची बाई आहे," अलकनंदाबाई म्हणाल्या. "पहाटे बांधीवर जाताना मण्यार चावली. पापण्या मिटल्यात, श्वास अडतोय. इंजेक्शन दिलंय. वाचेल की नाही, आत्ता सांगता येत नाही."

"फळी बांधली नव्हती?" डॉक्टरांनी विचारले.

"बांधली होती, साहब," प्रेमलाल म्हणाला. "एकदम बरोबर बांधली. मग जीप आली, तर मी काढली."

"काढली? का?"

"आपणच तर लिहिलं. गाडीतून नेताना पाय खाली ठेवावा." त्याने बोट ठेवून वाचले. "खाली. मतलब, त्याच्यावर काही नको. पूरा घाट ती बाई पाय झटकत आली. मी तिचा पाय हाताने धरून बसलो होतो."

डॉक्टर कडाडले, "खाली म्हणजे खालच्या बाजूला. मराठी येत नाही तर मराठी अंक वाचता कशाला? एक अक्षर चुकलेलं दाखवा मला." आणि त्यांनी मला टेबलावर आपटले. मित्रांनो, माझा टवका उडाला तो तेव्हा.

"अक्षर एकही चुकलेलं नाही," अलकनंदाबाई शांतपणे म्हणाल्या. "पण हा अंक आज सगळ्या दवाखान्यांत आहे. लांजीची गाडी बाराला सुटते, बैहरची साडेबाराला, लामत्याची एकला. त्याच्या आत काहीतरी छापून पाठवायला हवं. पाठवायचं की नाही, ते संपादकांनी ठरवावं. संपादक अजून तुम्हीच आहात."

डॉक्टरांची नजर भैयालालकडे गेली. भैयालालने एक वाक्य बोलायचा अवकाश होता. म्या तर सांगतलं होतं, एवढेच. पण तो खाली मान घालून बिलाच्या कागदाची घडी करत राहिला. मी ओरडून सांगितले असते, पण भिंगाला तोंड नसते. चूक कबूल केली तर डॉक्टरांची खुर्ची जात होती, आणि त्यांच्या मते मराठीही जात होती. कबूल केली नाही तर पुढच्या जीपमध्ये आणखी कोणाची तरी फळी सुटणार होती. भिंतीवरच्या घड्याळात अकराला दहा कमी होते.

डॉक्टरांनी अंक जवळ ओढला. मला त्या ओळीवर धरले आणि बराच वेळ पाहिले. ते मला जवळ आणत, दूर नेत, आणि 'खाली' हा शब्द माझ्यातून लहानमोठा होत राहिला.

"भैयालाल," शेवटी ते म्हणाले, "तू मला सांगितलं होतंस."

"हौ साहेब." एवढेच.

डॉक्टरांनी कागद घेऊन लिहिले आणि वाचून दाखवले, 'फळी दवाखान्यात पोचेपर्यंत काढू नये. पाय कलता ठेवावा.'

"कलता?" प्रेमलाल गोंधळला. "कल, म्हणजे उद्या?"

अशा वेळीही अलकनंदाबाईंना हसू आले. त्यांनी सरळ आपला पाय स्टुलावर ठेवला आणि टेबलावरची लांब पट्टी प्रेमलालच्या हातात दिली. "मी रोगी. डॉक्टरसाहेब वाचतील, तुम्ही ऐकून करून दाखवा." चार वेळा वाक्य बदलले. पाचव्या वेळी प्रेमलालने पट्टी न सोडता पाय खालच्या बाजूला घेतला, जसा हवा तसा. मग त्याच्याच तोंडून त्याची हिंदी लिहून घेतली.

भैयालालने कागद हातात घेतला. छापखान्याच्या रिवाजाप्रमाणे अशा चिठ्ठीवर 'मुद्रणदोष' असे लिहितात, म्हणजे चूक छापणाऱ्याच्या माथी.

"वर मुद्रणदोष टाकू ना, साहेब?"

"नाही. संपादकदोष टाक."

"असा शब्द नसते, साहेब."

"आजपासून आहे. आणि खाली माझं नाव." मग स्वतःच थांबले आणि म्हणाले, "खालच्या बाजूला."

भैयालाल धावतच गेला. बाराला पाच कमी असताना लांजीच्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात ओल्या शाईच्या चिठ्ठ्या पडल्या, आणि पुढच्या दोन्ही गाड्याही सापडल्या. शेवंताबाईने तिसऱ्या दिवशी डोळे उघडून पाणी मागितले. ते कळल्यावर डॉक्टर खुर्चीतून उठले, मला उचलून अलकनंदाबाईंसमोर धरले आणि म्हणाले, "बसा."

"माझे डोळे चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "भिंग तुम्हीच ठेवा. मला तुमचे कान हवेत."

खरे सांगते, मला त्यांचा राग आला. बारा वर्षांची चाकरी आणि हे फळ. पण नवी पद्धत सुरू झाली. कोणतीही सूचना छापण्यापूर्वी बाहेरच्या माणसाला वाचून दाखवायची आणि त्याने ती करून दाखवायची. डॉक्टर समोर बसून ऐकत. दुपारी ते मला घेऊन हिंदी पाने वाचत, एकेक शब्द, शाळेतल्या मुलासारखे. मराठी पाने गेली नाहीत. शेवटच्या पानावर एक चौकट मात्र कायमची आली, 'संपादकदोष'. पुढे पाच वर्षांनी डॉक्टर गेले आणि मी खणात पडले. कागद महागला, अलकनंदाबाईंची बदली होणार असे कानावर येते, पुढे कोण बसेल ठाऊक नाही. माझ्या कडीवर हिरवट डाग चढलेत.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू घरात असेल तर तिला मऊ फडक्याने पुसून ठेवा. आम्हाला बरे वाटते. पण आमच्यावर विसंबू नका. मी 'खाली' हा शब्द बोटभर मोठा करून दाखवला होता, आणि त्याच शब्दापायी बैहरच्या घाटातून एक उघडा पाय झटके देत येणार होता, तो मला दिसला नाही. तो भैयालालला दिसला होता, घागरीतल्या सांडलेल्या पाण्यात. म्हणून तुम्ही काही लिहिले, तर ते आधी अशा कोणाला तरी वाचून दाखवा, जो तुमच्यासारखा बोलत नाही. आणि तो जाता जाता घुटमळला, तर त्याला थांबवा आणि विचारा, काहून थांबलास रे बाबा?