सुतळी आणि जुन्या साड्या

खमरियातल्या चर्चमध्ये उपकारस्तुतीची सभा होती आणि छत सजवायचं काम सुमेधाकडे आलं होतं. मांडववाला परवडणारा नव्हता. सत्तरीचे बाबा हौसेने शिडीवर पाय ठेवायला गेले, तेव्हा तिने धावत जाऊन शिडी धरली. गेल्याच वर्षी ते स्टुलावरून पडले होते.

“बाबा, तुम्ही काहून चढून राहिले? थांबा ना!”

तिने चेंडूला सुतळी बांधून तो छताच्या तुळईवरून पलीकडे फेकला. तिसऱ्या खेपेला तो पार गेला. सुतळीला जुनी केशरी साडी बांधून तिने ती खालूनच ओढली, तशी साडी सरसर वर चढली.

“अच्छा! मग पुढची मी ओढतो,” म्हणत बाबा बाकावर टेकले. सुमेधाचा जीव भांड्यात पडला.