तळ्यावरची जाळी

मिनेसोटात परसातलं तळं कंबरभर खोल नसेल, तर हिवाळ्यात ते तळापर्यंत गोठतं आणि गोल्डफिश मरतात. माझे सासरे वर्लिन यांनी म्हणूनच तेवढं खोल खणलं होतं. पण आमची टिल्डा चालायला लागली आणि मी त्यांना सांगून टाकलं, "तळं बुजवा, नाहीतर आम्ही यायचं बंद करू."

पुढच्या रविवारी गेलो, तर पाण्याखाली बोटभर अंतरावर लोखंडी जाळी होती, काठाच्या दगडांत घट्ट बसवलेली. तिचे चौकोन मासा जाईल, पण टिल्डाचं पाऊल जाणार नाही, एवढेच.

"आणि तुटली तर?" मी विचारलं.

वर्लिननी बूट काढले आणि तळ्याच्या मधोमध जाऊन चक्क उड्या मारल्या.

टिल्डाला कडेवर घेतलेल्या सासूबाई पायरीवरून ओरडल्या, "तुझा देह पेलला ना? मग आता गाय बांध तिथे!"

"ये पोरी, तूही बघ," ते हसत म्हणाले.

मी उतरले, चारी कडा तुडवून पाहिल्या. जाळी तसूभरही हलली नाही. पायाखालून एक केशरी मासा निवांत सरकला.

"सोडा तिला खाली," मी सासूबाईंना म्हणाले.