ब्रेक जड झालेत

"ब्रेक जड झालेत रे. जरा बघतोस का?" दादा म्हणाला, आणि मिस्त्रीने त्याच दिवशी गाडीची चारही चाकं उतरवून ड्रम उघडले. आत सगळं ठीकठाक होतं. ब्रेकचे शूज नवे, सिलिंडर कोरडे, कुठे गळती नाही. छत्तीस वर्षं लोकांच्या गाड्यांचे ब्रेक दुरुस्त करण्यात गेलेली. ब्रेक जड आहे की नाही, हे त्याला पेडलवर पाय ठेवल्या ठेवल्या कळायचं. हा जड नव्हता.

गाडी दादाची. त्याच्या तरुणपणी कुणीतरी भंगारात काढलेली त्याने उचलून आणली आणि दोघा भावांनी दीड वर्ष खपून ती चालती केली. त्या दीड वर्षातच धाकटा मिस्त्री झाला. पुढे सगळं गाव त्याला मिस्त्रीच म्हणू लागलं. दादा मात्र अजून 'छोट्या' म्हणायचा, छोट्याची साठी उलटली तरी.

हात धुवायला तो मागच्या अंगणात गेला, तेव्हा वहिनीने त्याला नळापाशी गाठलं.

"ब्रेकमध्ये काही निघालं नाही ना, भावजी?"

"नाही."

"निघणार कसं! डॉक्टर म्हणाले, यांच्या पायाच्या नसा वाळत चालल्यात. आधी उजवा जाईल, मग डावा. औषध नाही. गाडी आजच सोडा म्हणाले." तिने नळ बंद केला. "मी सांगून थकले. माझ्या बोलण्याला भीक घालत नाहीत. तुमचं ऐकतील."

मिस्त्री सांगायचं ठरवूनच शेडमध्ये शिरला. दादा ड्रायव्हरच्या जागी बसून काच पुसत होता.

"काय म्हणत होती तुझी वहिनी?"

"काही नाही." ताकाला जाऊन भांडं लपवायची मिस्त्रीची खोड जुनी. तो उगाच एक ड्रम हातात घेऊन फिरवत राहिला, आणि मग तोंडातून भलतंच निघालं. "दादा, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक टाकू या. बरोबर बूस्टर. पाय नुसता ठेवलास की गाडी थांबेल."

दादाचा चेहरा असा खुलला, की मग खरं सांगायची वेळ निघूनच गेली.

काम सोपं नव्हतं. पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीला डिस्क बसवायची म्हणजे तिच्या अंगाचा एकेक भाग पटवत जायचं. चाकांचे हब दुसऱ्या गाडीचे आणले. ज्याच्यावर डिस्क आवळून धरणारा कॅलिपर बसतो ती लोखंडी पट्टी लेथवाल्याकडून दोनदा करून घेतली. पहिल्या खेपेला भोकं केसभर सरकली होती.

"म्हातारीला नवे दात बसवताय होय, मिस्त्री?" लेथवाला हसला. "सांभाळा, चावेल!"

मग रिम कॅलिपरला घासायला लागली, मग बूस्टरला बॉनेटखाली जागा पुरेना. एक निस्तरलं की दुसरीकडे घोडं अडायचं. मिस्त्रीला ते बरंच वाटत होतं. काम चालू होतं तोवर गाडी ठोकळ्यांवर होती, आणि ठोकळ्यांवरची गाडी दादा चालवू शकत नव्हता.

दादा रोज शेडमध्ये येऊन खुर्चीवर बसायचा. पहिल्या आठवड्यात भिंतीला हात लावत आला. महिन्याने काठी आली. ती दिसली, तेव्हा मिस्त्री स्पॅनर शोधायला खाली वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. दादा तिकडे सहलीचे बेत करत होता. "धरणापर्यंत जाऊ. तुझी वहिनी मागे, तू पुढे."

अडीच महिन्यांनी शेवटचं काम उरलं: पाइपांतली हवा काढायची. याला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकापाशी निप्पल सैल करून तेल सोडायचं. तेलाबरोबर हवेचे बुडबुडे निघून जातात.

"मी दाबतो," दादा म्हणाला आणि आत जाऊन बसला.

"दाब," मिस्त्री चाकाजवळून ओरडला.

"दाबलं!"

त्याने निप्पल सोडला. तेल नळीतून नुसतं ओघळलं. त्याने निप्पल आवळला. "पुन्हा." पुन्हा ओघळलंच. त्याने सगळे जोड तपासले, मास्टर सिलिंडरवरचा तेलाचा डबा भरला. "दाबलं!" दादा आतून म्हणत होता. आवाजावरून तो जीव तोडून दाबत होता.

"जरा उतर बरं. मी बघतो." मिस्त्रीने स्वतः पाय ठेवला. पेडल सहज खाली गेलं. वहिनीला हाक मारून तिच्या हातात स्पॅनर दिला, निप्पल कसा सोडायचा ते दाखवलं आणि पेडल दाबलं. नळी निसटून तेलाची धार तिच्या साडीवर उडाली. वहिनीने धारेकडे पाहिलं, मग दिराकडे.

"निघाली का रे हवा?" दादाने विचारलं.

"निघाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दोघे बंद कारखान्यामागच्या सरळ रस्त्यावर गेले. तिथे चिटपाखरू नसतं. मिस्त्रीने आधी स्वतः चालवून पाहिली. बूस्टर चालू झाल्यावर पेडल लोण्यासारखं झालं होतं आणि गाडी जागच्या जागी, सरळ रेषेत उभी राहत होती. इतकं चोख काम त्याच्या हातून आयुष्यात झालं नव्हतं. मग त्याने जागा दादाला दिली. का दिली, हे त्याला पुढे कधीच धड सांगता आलं नाही.

पहिल्यांदा दादाने सावकाश नेऊन गाडी थांबवली. दोनदा, तीनदा थांबवली. "अरे छोट्या, करंगळीने थांबेल ही!" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. चौथ्यांदा त्याने वेग दिला. कारखान्याची भिंत जवळ यायला लागली.

"आता दाब."

गाडी तशीच.

"दादा, ब्रेक!"

दादा खाली पाहत होता. त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर होता आणि तो तिथून निघत नव्हता. दोन्ही हातांनी मांडी धरून तो पाय उपटू पाहत होता. मिस्त्रीने किल्ली बंद केली आणि हँडब्रेक खेचला. गाडी आडवी होत होत भिंतीला धडकली. डावा मडगार्ड चुरगळला, दिवा फुटला. मिस्त्रीच्या कपाळाला खोक पडली. दादाला खरचटलंही नाही.

मिस्त्रीने कपाळावरचं रक्त बाहीने पुसलं.

"पाइपात हवा राहिली होती," मिस्त्री म्हणाला. "माझीच चूक."

"गप रे." दादाने पाय हातांनी उचलून बाजूला ठेवला. "ब्रेकवर पाय गेलाच नाही. तुला ठाऊक होतं ना?"

मिस्त्रीने मान हलवली.

"मलाही होतं," दादा म्हणाला.

घरी वहिनीने कपाळावर पट्टी बांधली. "तुम्हांला सांगायला पाठवलं होतं, भावजी," एवढंच म्हणाली. हे वाक्य तिने पुन्हा कधी उच्चारलं नाही, आणि मिस्त्रीला ते विसरताही आलं नाही.

मडगार्ड ठोकून सरळ करायचं त्याने एकदा काढलं. शिवाय ब्रेक हाताने लावता येईल असा दांडा बसवता येतो, असंही सुचवलं. दादाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हातही राहायचे नाहीत रे. डॉक्टर परवाच बोलले."

मिस्त्री अजून दर रविवारी जातो. बरोबर हत्यारं नेत नाही. दादाच्या पलंगाशी बसतो, दादा सांगेल तेव्हा त्याचे पाय उचलून दुसऱ्या कुशीला ठेवतो. पाय फार हलके झालेत. मग दोघेही भिंतीकडे बघत बसतात, वहिनी चहा आणेपर्यंत.