पिवळ्या विकणे आहे

मित्रांनो, मी एक जुनं, दोन माणसांपुरतं, हलकं विमान आहे. जुनं म्हटलं म्हणून लगेच नाक मुरडू नका. माझं नाक अजून चकचकीत आहे आणि त्यावरचा पंखा फिरायला लागला की भल्याभल्यांच्या टोप्या उडतात. अंगावर पिवळा रंग असल्यामुळे मला सगळे पिवळ्या म्हणतात. मोठ्या विमानांशी माझी ओळख नाही. ती फार उंचावरून जातात आणि खाली ढुंकूनही बघत नाहीत. मी मात्र इतक्या खालून उडतो की कोणाच्या दोरीवर काय वाळतंय हेसुद्धा मला दिसतं.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. कारखान्यातून आली ती फक्त माझी हाडं, खोक्यांत भरून. ती जोडून माझं विमान केलं एका दातांच्या डॉक्टरांनी, आपल्या दवाखान्यामागच्या शेडमध्ये. माझ्या पंखांच्या आत जिथे डोकं जात नाही, तिथे ते दात बघायचा छोटा आरसा घालून पाहायचे. इंजिनावरचं झाकण उघडताना सवयीने "आ करा" म्हणायचे. दोन पेशंटच्या मधल्या वेळातही त्यांना राहवायचं नाही. मग पत्र्याला भोकं पाडण्याचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत जायचा, आणि आत नेमकं काय चाललंय हे न कळल्यामुळे एक-दोघं तर दाढ धरून तसेच घरी पळाले.

डॉक्टरांच्या बायकोचं शिवणकामाचं दुकान होतं. माझी आसनं त्यांनी शिवली. डॉक्टर होते बुटके. बाईंनी त्यांना स्टुलावर बसवलं, गुडघ्यापासून कमरेपर्यंत टेपने मापं घेतली आणि डाव्या आसनाला अशी जाड गादी शिवली की डॉक्टरांना समोरची धावपट्टी नीट दिसावी. "कोटाचं माप घेतात तसं विमानाचं माप घेणारी मी जगात पहिलीच असेन," असं त्या येईल त्याला सांगत.

मग आमचे उडण्याचे दिवस सुरू झाले. काय ते दिवस! रविवार उजाडला की आम्ही नदीवर, डोंगरावर, किनाऱ्यावर. बाई बाजूला बसत आणि इंजिनाचा सूर लागला की गाढ झोपी जात. एकदा तर आम्ही बेटावरच्या एका आजीबाईंची कवळी पोचवायला गेलो. नातवाचं लग्न दुसऱ्या दिवशी होतं आणि होडी बंद पडली होती. आम्ही उतरलो तेव्हा अख्खं वऱ्हाड धावपट्टीवर हजर होतं. आजीबाईंनी कवळी तिथेच लावली आणि माझ्या पंखाला टेकून फोटो काढला. त्या फोटोत नवऱ्यामुलापेक्षा मी उठून दिसतो, हे मी नम्रपणे सांगतो.

आता एक गोष्ट समजून घ्या. माझ्यात उडवायच्या दोन दांड्या आहेत, डाव्या आसनापुढे एक आणि उजव्या आसनापुढे एक. दोन्ही आतून जोडलेल्या आहेत. एक हलवली की दुसरी हलते, म्हणजे कोणाचा हात कुठे आहे हे मला नेमकं कळतं. आणि इतक्या वर्षांत माझ्या दांडीवर डॉक्टरांशिवाय कोणाचाही हात पडला नव्हता. वर्षातून एकदा तपासणीला येणारे उड्डाणाचे शिक्षकसुद्धा बाजूला हाताची घडी घालून बसत. कोणी हौशीने "जरा मी धरू का?" म्हणालाच, तर डॉक्टर गोड हसून म्हणत, "पुढच्या वेळी." ती पुढची वेळ कधी आली नाही.

मग डॉक्टरांना चक्कर येऊ लागली. आजार मोठा नव्हता. कानाच्या आत काहीतरी बिघडलं होतं. जमिनीवर त्याचं फारसं काही वाटत नव्हतं, पण उडायचा परवाना मात्र गेला. तेव्हापासून मी विमानतळावरच्या शेडमध्ये, म्हणजे हँगरमध्ये उभा. डॉक्टर न चुकता येत, मला पुसून काढत, इंजिन थोडं गुरगुरवत, आत बसून राहत आणि दार ओढून घरी जात. मी आरशासारखा लखलखीत होतो आणि आतून गंजत चाललो होतो. चिमण्यांनी माझ्या शेपटीत घर करायला घेतलं. विमानतळावरचा मेकॅनिक एकदा स्पष्टच बोलला, "डॉक्टर, उडून विमान झिजतं, पण उभं राहून सडतं. विकून टाका."

घरी गेल्यावर डॉक्टरांनी जाहिरात लिहिली. बाईंनी ती हँगरमध्ये, माझ्यासमोरच मोठ्याने वाचली म्हणून मला कळली. "पिवळं विमान विकणे आहे. डावा दरवाजा दोनदा ओढावा लागतो. थंडीत लवकर सुरू होत नाही. उतरताना उजवीकडे जातं. घाई असणाऱ्यांनी फोन करू नये."

"अहो, ही जाहिरात आहे की तक्रार?" बाई म्हणाल्या.

"खोटं लिहू का मग?"

"खरंही सगळंच कशाला लिहायचं? आपल्या लग्नाच्या वेळी तुमच्या आईने तुमच्या घोरण्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं."

तरीही गिऱ्हाइकं आली. पहिला आला हॉटेलवाला. माणूस उमदा होता. माझ्याभोवती एक फेरी मारून तो म्हणाला, "झकास! छताला टांगतो. खाली टेबलं मांडतो. लोक याच्या पोटाखाली बसून जेवतील." डॉक्टर लालबुंद झाले. "टांगायचंच असेल तर मला टांगा," म्हणाले. हॉटेलवाला हसत निघून गेला, पण जाताना फोन नंबर बाईंच्या हातात ठेवून गेला.

दुसरा आला तो शांत, समजूतदार, परवाना असलेला माणूस. त्याने प्रश्न विचारले ते नेमके विचारले. त्याला नाकारण्यासारखं काहीच सापडेना, तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या बुटांना चिखल आहे असं कारण काढलं. तो बिचारा आपले बूट बघत बघत गेला.

त्या दिवशी बाईंनी डॉक्टरांना माझ्या चाकाजवळ बसवलं. "अहो, खोट त्या माणसात नव्हती, तुमच्यात आहे," त्या म्हणाल्या. "आता माझं ऐका. यापुढचं जे गिऱ्हाईक येईल त्यालाही असंच घालवलंत, तर मी हॉटेलवाल्याला फोन करणार. निदान तिथे याला माणसं तरी दिसतील. इथे नुसता सडतोय पोरगा."

बाई एकदा बोलल्या की बोलल्या. मी रात्रंदिवस त्या छताचाच विचार करत होतो. पंख आहेत, पंखा आहे, आणि खाली कोणीतरी सूप फुंकून पितंय! मित्रांनो, माझा जीव अक्षरशः टांगणीला लागला होता.

तिसरं गिऱ्हाईक म्हणजे एक क्रेन चालवणारी बाई. बंदरावर उंच क्रेनच्या डब्यात बसून ती जहाजांवरून माल उतरवायची. उडायला ती क्लबच्या विमानावर शिकली होती आणि परवाना नवाकोरा होता. सोबत तिचे सासरे आले होते. ते आल्या आल्या म्हणाले, "आमची सून दिवसभर वर असते तेव्हा खुशीत असते. खाली आली की घरातल्या सगळ्यांवर डाफरते. तिला सुट्टीच्या दिवशीही वर पाठवायची सोय बघतोय."

"बाबा!" ती म्हणाली.

"खोटं बोललो का? खोटं असेल तर सांग."

क्रेनवाली माझ्यात बसायला गेली आणि तिचे गुडघे थेट समोरच्या वेग-उंची दाखवणाऱ्या काट्यांना भिडले. ती चांगली उंच होती आणि ती गादी होती डॉक्टरांच्या मापाची. डॉक्टरांचा चेहरा खुलला. "मावत नाही तुम्ही यात," ते जवळजवळ आनंदाने म्हणाले. "वाईट वाटतं, पण इलाज नाही."

बाईंनी पर्समधून कात्री काढली. कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी स्वतःच घातलेली ती शिवण टराटरा उसवली, आतला फोम काढून खाली टाकला आणि कापड पुन्हा खोचून दिलं. "आता बसा," त्या क्रेनवालीला म्हणाल्या. मग डॉक्टरांकडे न बघता, "बाकीचं घरी जाऊन नीट शिवून देईन." डॉक्टर त्या फोमच्या तुकड्यांकडे बघत राहिले. मला त्यांची दया आली. इतकी वर्षं ते त्या गादीवर बसून माझ्याशी बोलले होते.

मग उडून बघायची वेळ आली. क्रेनवाली डावीकडे आणि डॉक्टर उजवीकडे, पाहुण्यासारखे. कित्येक महिन्यांनी माझी चाकं धावपट्टीवर धावली. वाऱ्याने मला उचललं तेव्हा इतका आनंद झाला की सगळं अंग थरथरलं. पण जरा वर गेलो आणि माझी पंचाईत झाली. क्रेनवाली दांडी हळूच डावीकडे न्यायची, तर दुसऱ्या दांडीवरून कोणीतरी ती तसूभर उजवीकडे ओढायचं. ती नाक वर करायची, तर तो हात ते खाली दाबायचा. त्या हाताला मी झोपेतही ओळखलं असतं. आता ऐकायचं कोणाचं? मी दोघांचंही ऐकू लागलो आणि दारुड्यासारखा झोकांड्या खाऊ लागलो.

"डॉक्टर, विमान तुम्ही चालवताय की मी?" क्रेनवालीने विचारलं.

"तुम्हीच."

"मग तुमच्या हातात काय आहे?"

डॉक्टरांनी खाली पाहिलं. दांडी त्यांच्या मुठीत होती. खरं सांगतो, त्यांनी ती कधी धरली हे त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. ते एकदम हसायला लागले. "माझे पेशंट अगदी हेच करतात," ते म्हणाले. "दात मी काढतोय आणि मनगट माझं यांनी धरलेलं! मी रोज ओरडतो, हात खाली घ्या, हात खाली घ्या."

"मग घ्या की खाली," क्रेनवाली म्हणाली.

डॉक्टरांनी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसले, शाळेतल्या खोडकर मुलासारखे. दुसरी दांडी मोकळी झाली. मला कसंतरीच झालं. एकटं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण डाव्या दांडीवरचा हात आता मला स्पष्ट ऐकू येत होता. तो हात नवखा होता, पण घाबरट नव्हता. भरलेला ट्रक जहाजावरून अलगद उचलणारा हात होता तो. मी सरळ झालो आणि तिच्या मनासारखा वळलो.

उतरताना मात्र फजिती झाली. मी उजवीकडे जातो हे तिला जाहिरातीतून माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि सावरणं वेगळं. चाकं टेकली, मी उसळलो, पुन्हा टेकलो, पुन्हा उसळलो. डॉक्टरांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. बोटं मांडीखाली वळवळली. आता हात येतोय, आता येतोय, असं मला वाटत होतं. पण हात आला नाही. क्रेनवालीने मला तिसऱ्या उडीला पकडलं, सरळ केलं आणि थांबवलं. तिच्या कपाळावर घाम होता.

"वाईट उतरले," ती म्हणाली.

"माझ्या पहिल्या वेळेपेक्षा बरं," डॉक्टर म्हणाले. "मी गवतात गेलो होतो. हे बायकोला सांगू नका, तिला मी वाऱ्याने नेलं असं सांगितलंय. चला, परत एकदा."

आम्ही परत गेलो, मग आणखी परत. उजेड सरेपर्यंत आम्ही उतरत होतो आणि उडत होतो. शेवटच्या वेळी मी इतका हळुवार टेकलो की सासऱ्यांनी खालून टाळ्या वाजवल्या. डॉक्टर उतरले, हात झटकले, कारण ते पार बधिर झाले होते, आणि बाईंना म्हणाले, "त्या हॉटेलवाल्याला फोन करायचा नाही. पिवळ्या दिला."

पुढच्या रविवारी क्रेनवाली मला न्यायला आली. नवी गादी तिच्या मापाची तयार होती. डॉक्टरांनी सूचना द्यायला सुरुवात केली ती थांबेचना. दरवाजा असा ओढा, तेल असं बघा, झाकण उघडताना आ करा म्हणा, म्हणजे नाही म्हटलंत तरी चालेल. ती सगळं ऐकून घेत होती. शेवटी त्यांनी माझ्या नाकावर हात ठेवला आणि बाजूला झाले. मी इंजिन पहिल्या झटक्यात सुरू केलं. थंडी असूनसुद्धा.

मित्रांनो, आता मी बंदराजवळच्या धावपट्टीवर राहतो आणि दर सुट्टीला उडतो. मी म्हातारा आहे, म्हणून एक सांगतो. तुमच्याकडे लाडकी वस्तू असेल तर ती पुसा, तिला तेलपाणी करा, पण नुसती झाकून ठेवू नका. सायकल असेल तर चालवा, पेटी असेल तर वाजवा. आणि तुमच्याने होईनासं झालं की ज्याला ती हवी आहे त्याच्या हातात द्या. एकदा दिलीत की आपले हात मांडीखाली घ्या. त्या वस्तूला ते कळतं.

मला नेलं त्या दिवशी वर गेल्यावर क्रेनवालीने मला वळवून धावपट्टीवरून एक चक्कर मारली. खाली डॉक्टर मान वर करून, तोंड उघडं टाकून उभे होते. जणू मीच त्यांना आ करा म्हटलं होतं. त्यांना इतकं थक्क व्हायला काय झालं, ते मला तेव्हा कळलं नाही. नंतर डॉक्टर आणि बाई मला भेटायला आले तेव्हा बाईंनी क्रेनवालीला हसत हसत सगळं सांगितलं. डॉक्टरांनी मला बनवलं होतं, इतकी वर्षं उडवलं होतं, पण नेहमी माझ्या आत बसून. मी उडताना कसा दिसतो, ते त्यांनी जन्मात पाहिलंच नव्हतं.

"माझं मनगट घट्ट धरलं होतं यांनी," बाई म्हणाल्या. "आणि पोरासारखे ओरडत होते, 'अगं, बघ, बघ! आपला पिवळ्या उडतोय!'"