रावजी कारकुनाचं तोंड

"फीपोटी मेंढी ठेवून घ्या म्हनावं साहेबांस्नी. गाभन हाय," असं म्हणत केराबाई दोरी माझ्या हातात कोंबायला लागली.

वैरागकर वकिलांच्या कचेरीची पायरी, भर सकाळ, मागं पक्षकार खोळंबलेले आणि पुढं ही म्हातारी न् तिची मेंढी! मी दोरी परत दिली. "आजी, साहेब तुझ्या पोराचं, येडूचं वकीलपत्र घेनार न्हाईत. तीनदा सांगितलं. सोलापुरात दुसरे वकील काय मेलेत?"

"का घेनार न्हाईत, तेवडं सांग की. आमी धनगर म्हनून?"

"मग मी कोन हाय? धनगरच की!" मी खेकसलो. खेकसलो, कारण खरं कारण जिभेच्या टोकावर होतं.

गोष्ट चौतीस सालची. केराबाईच्या गावात ज्वारीत मेंढरं शिरली म्हणून बाचाबाची झाली आणि राखणदाराला कुणीतरी काठी घातली. तो मेला. आदल्या दिवशी त्याचं येडूशी भांडण झालं होतं, म्हणून पोलिसांनी येडूला उचललं. त्याच गावात मेंढरं घेऊन उतरलेला, मैंदर्गीकडचा सिदू चौथ्या दिवशी आमच्या कचेरीत आला. त्याला कानडीशिवाय काही येईना, साहेबांना कानडी कळेना. नेहमीप्रमाणे मी मधे बसलो. सिदूनं आधी भंडाऱ्याची पिशवी सोडली आणि कुठं बोलणार नाही म्हणून आम्हा दोघांना बिरोबाची आण घ्यायला लावली. साहेब ब्राह्मण माणूस, जरा हसले, पण भंडारा कपाळाला लावला. मग सिदू कानडीत बोलला आणि मी मराठीत साहेबांना सांगितलं, "काठी मी मारली. येडूचा काही संबंध नाही."

माझ्याच तोंडानं सांगितलं हो!

सिदू गेल्यावर मी साहेबांपुढं उभा राहिलो. "आता पोलिसांना सांगायचं ना?"

"नाही," साहेब म्हणाले. "पक्षकारानं विश्वासानं सांगितलेलं बाहेर जाऊ लागलं, तर उद्या वकिलापाशी खरं बोलेल कोण? कायद्यानं कारकूनही बांधलेला आहे आणि दुभाषीही. तू तर दोन्ही आहेस."

"आणि येडू?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "स्वतःहून कबूल हो, असं सिदूला परत परत सांगणार. दुसरं काय करू? सिदू माझा पक्षकार; येडूचंही वकीलपत्र घेतलं तर दोघांचाही घात होईल. त्याची आई आली तर कारणही सांगता येणार नाही."

तिला कारण न सांगता परत पाठवायचं काम माझ्यावर आलं. मला अन्न गोड लागेना. गिरणीचा भोंगा रोजचाच, तरी तो झाला की दचकायला व्हायचं. जेवता जेवता उठायचो आणि तलावाच्या काठानं फेऱ्या मारायचो. "कचेरीत भूत बघितलंसा का काय?" बायको, फुलाबाई, म्हणायची. तिला काय कपाळ सांगणार!

न राहवून एका रविवारी सिदूच्या तळावर गेलो. बोलावं तर त्याच्यापाशीच, दुसऱ्या कुणाशी बोलायची मुभाच नव्हती. कानडीत त्याला सांगितलं, समजावलं, शेवटी आईबहिणीवरून शिव्या दिल्या. "तीन लेकरं आहेत, रावजी," एवढंच तो म्हणाला आणि माझ्यापुढं दुधाचा पेला ठेवला. उन्हातून चालत गेलो होतो. प्यालो. त्या पेल्याची मला आजही लाज वाटते.

दुसरा वकील येडूसाठी जीव तोडून भांडला. तरी सात वर्षांची सक्तमजुरी झाली. निकाल ऐकून साहेब घरी निघून गेले, दोन दिवस कचेरीत आले नाहीत. सिदूनं मेंढरं कुठं हाकली, कुणालाच कळलं नाही.

महिन्याभरानं केराबाई परत आली. या वेळी एकटीच, मेंढीशिवाय.

"पोराला येरवड्याला धाडलंय. पत्र लिवून दे."

मी कागद काढला, दौत उघडली. ती समोर उकिडवी बसली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"रावजी, तुला काय वाटतं रं? माज्या येडूनं केलं आसंल?"

दुसरा कुणीही "छे, छे!" म्हणून मोकळा झाला असता. तिला तेवढ्यानंही बरं वाटलं असतं. पण दुसऱ्याचं ते वाटणं, माझं ते माहीत असणं; मी तसं म्हटलं की आण मोडली. मी टाक दौतीत बुडवला, झटकला, परत बुडवला.

"सांग आजी. काय लिहू?"

तिनं डोळे पुसले. "ऱ्हाऊ दे. तुजं नको सांगू. माजं लिव. लिव, येडू, तू केलं न्हाईस. लोक काय बी म्हनू देत. तू केलं न्हाईस."

मी लिहिलं. खाली तिचा अंगठा घेतला.

"वाचून दाव," ती म्हणाली.

"येडू, तू केलं नाहीस," मी वाचलं.

"मोठ्यानं वाच की."

कचेरीत चार पक्षकार बसले होते. आतल्या खोलीत साहेबांच्या हातातला कागद थांबला. मी मोठ्यानं वाचलं.