कार्डाच्या दोन शिट्ट्या

महेंद्रला सकाळपासून चैन नव्हतं. पुण्याहून आणलेल्या जुन्या लॅपटॉपवर त्याने मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून विंडोजऐवजी लिनक्स चढवलं होतं, पण नेटवर्क कार्ड काही केल्या चालेना. कार्ड खाचेत सारलं की लॅपटॉप दोनदा शिट्टी वाजवी. पहिली चढी, दुसरी पडेल. पडेल म्हणजे कार्ड ओळखलं, पण सुरू झालं नाही.

"मेलं रडतंय नुसतं!" म्हणून तो उठे, खोलीत येरझाऱ्या घाली, पुन्हा बसून कार्डाच्या सेटिंगच्या फाइलमधले आकडे बदली.

सकाळी त्याने अंगणापलीकडच्या खोलीतल्या कॉम्प्युटरपर्यंत नेटवर्कची निळी वायर ओढली, तेव्हा आईने, चांगुणाबाईने, विचारलं होतं, "ह्ये काय बांधतुयास?"

"दोरी समज!" तो खेकसला होता.

दुपारी कळलं, आवाजाचं कार्ड आणि हे कार्ड एकाच नंबरावर हक्क सांगत होती. त्याने नंबर बदलला. दोन्ही शिट्ट्या चढ्या! पण पलीकडचा कॉम्प्युटर उत्तरच देईना. त्याने कार्ड दहादा उपसलं, लिनक्स लिहिणाऱ्या जगभरच्या शहाण्यांचा उद्धार केला आणि तणतणत अंगणात आला.

वायर ओल्या गोधडीच्या भाराने जमिनीला टेकली होती. तिचं टोक कॉम्प्युटरमधून निसटून पलीकडच्या खिडकीच्या गजाशी लोंबत होतं.

"आये, हे काय केलंस?"

चांगुणाबाईने लुगडं झटकून वायरीवर टाकलं.

"दोरी समज म्हन्लास. समजले."